दीर्घकालीन आजार आणि राग

दीर्घकालीन आजारासोबत जगताना येणारा राग, त्याची कारणे, शरीरावर आणि नात्यांवर होणारे त्याचे परिणाम आणि तो हाताळण्याचे मार्ग हा आरोग्य-मानसशास्त्राचा अभ्यासविषय आहे. वर्षभर किंवा त्याहून अधिक टिकणारा आणि सतत उपचार मागणारा किंवा रोजच्या व्यवहारांवर मर्यादा आणणारा आजार तो दीर्घकालीन, अशी त्याची सर्वसाधारण व्याख्या करतात. मधुमेह, संधिवात, दमा, मूत्रपिंडाचे विकार, अपस्मार, हृदयविकार, जुनाट वेदना हे सगळे त्यात मोडतात. या आजारांतील नैराश्य आणि चिंता यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. राग मात्र बराच काळ ‘स्वभावाचा भाग’ म्हणून बाजूला पडला. रुग्ण रडला की त्याची विचारपूस होते. तो चिडला की त्याला चार शब्द ऐकवले जातात. प्रत्यक्षात या रागाचे उगम अनेक आहेत, आणि उगम बदलला की उपायही बदलतो. त्यामुळे राग कसा आवरावा या प्रश्नाआधी तो येतो कुठून, हा प्रश्न विचारावा लागतो.

शरीरातून आणि औषधांतून येणारा राग

सर्वांत स्पष्ट उदाहरण मधुमेहाचे. रक्तातील ग्लुकोज डेसिलिटरमागे ७० मिलिग्रॅमच्या खाली घसरले की ते वर आणण्यासाठी शरीर ॲड्रेनॅलिन सोडते. हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते. राग आणि भीती यांत शरीर झुंजीला कसे सज्ज होते याचे वर्णन वॉल्टर कॅनन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९१५ मध्ये केले, त्यातले मुख्य संप्रेरक हेच. शिवाय शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा एकटा मेंदू वापरतो. तिचा पुरवठा आटला की सारासार विचार करण्याची ताकद कमी पडते. अशा वेळी समुपदेशनाचा उपयोग शून्य. १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर घेऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासणे हाच उपाय.

पण याच माहितीचा एक त्रासदायक उपयोगही होतो. घरात पैशांवरून वाद चाललेला असतो, इन्सुलिन घेणारी व्यक्ती आवाज चढवते आणि समोरून वाक्य येते, “आधी शुगर बघ.” ती बोट टोचते, मीटर ११८ दाखवते, म्हणजे साखर घसरलेली नाही. आता राग दुपटीने वाढतो, कारण मूळ मुद्दा तसाच राहिला आणि वर चिडण्याचा हक्कही गेला. म्हणून शुगर तपासायला कधी आणि कोणत्या शब्दांत सांगायचे, हे दोघांनी डोके शांत असताना आधीच ठरवून ठेवावे. भांडणाच्या मध्यावर ते ठरत नाही.

औषधांचा वाटा त्याहून कमी ओळखला जातो. मेयो क्लिनिकमध्ये १९४८ मध्ये संधिवाताच्या रुग्णाला प्रथम कॉर्टिसोन देण्यात आले आणि स्टेरॉइडचे युग सुरू झाले. त्यांचे मनावरील परिणाम डोसानुसार वाढतात. बॉस्टनमधील एका गटाच्या १९७२ च्या अहवालात दिवसाला ४० मिलिग्रॅमपर्यंत प्रेडनिसोन (याच गटातले एक स्टेरॉइड) घेणाऱ्यांपैकी १.३ टक्के रुग्णांत मानसिक लक्षणे आढळली होती, तर ८० मिलिग्रॅमच्या वर हेच प्रमाण १८.४ टक्के होते. ठळक मानसिक लक्षणांच्या अलीकडे साधी चिडचिड आणि निद्रानाश असतात, ते कितीतरी जणांना होतात. पहाटे तीनला उठून कपाट आवरायला घेणारा आणि सकाळी टॉवेल जागेवर नाही म्हणून घर डोक्यावर घेणारा माणूस मुळात तापट असतोच असे नाही. गेल्या आठवड्यात त्याचा डोस वाढलेला असू शकतो. डोस सकाळी घेतल्याने झोपेला थोडी मदत होते, पण स्टेरॉइड आपल्या मनाने एकदम बंद करणे धोक्याचे आहे, कारण तोवर शरीराने कॉर्टिसॉल हे स्वतःचे नैसर्गिक स्टेरॉइड बनवणे कमी केलेले असते. अपस्मारावरील लेव्हेटिरासेटाम हे औषधही काही रुग्णांना चिडखोर आणि आक्रमक बनवते, आणि तेही अचानक सोडले तर झटके येऊ शकतात. दमा व ॲलर्जीसाठी दिल्या जाणाऱ्या मॉन्टेलुकास्टवर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये मनोविकारविषयक लक्षणांबाबत सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा छापायला लावला. अशा वेळी डॉक्टरांना सांगायचे ते एवढेच: औषध कधी सुरू झाले आणि स्वभाव कधी बदलला.

थायरॉइडचे अतिस्रवण, पक्षाघात, पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू आणि मज्जारज्जूतील मज्जातंतूंच्या आवरणाचा आजार) यांत राग हे आजाराचेच लक्षण असू शकते. सततची वेदना आणि मोडलेली झोप तर कोणत्याही आजारात सहनशक्ती कुरतडत राहतात.

गमावलेपण आणि न संपणारे काम

ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ मायकेल बरी यांनी १९८२ मध्ये संधिवाताच्या रुग्णांच्या मुलाखतींवरून असे मांडले की दीर्घ आजाराने माणसाच्या जीवनकथेतच खंड पडतो. उद्या काय करायचे, कोणावर किती विसंबायचे, आपण कोण, ही सगळी गृहीते एकदम डळमळतात. पुढच्याच वर्षी अमेरिकी समाजशास्त्रज्ञ कॅथी चारमाझ यांनी या रुग्णांच्या दुःखाचे वर्णन ‘स्वत्व हरवणे’ असे केले. या हरवण्यावर अंत्यविधी नसतो, सुतक नसते, कोणी भेटायलाही येत नाही. राग येतो तो बहुधा इथे.

एलिझाबेथ क्यूबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या पाच अवस्थांत राग दुसरा आहे, आणि त्यामुळे ‘हा टप्पा आहे, जाईल’ असे रुग्णाला सर्रास सांगितले जाते. ती मांडणी मरणासन्न रुग्णांशी झालेल्या संवादांतून आली होती. दीर्घ आजारात शेवट समोर नसतो, आजार वरखाली होत राहतो आणि प्रत्येक नव्या मर्यादेबरोबर राग परत येऊ शकतो. दहा वर्षांनी पुन्हा तेवढाच संताप आला म्हणजे रुग्ण ‘मागे गेला’ असे मानण्याला आधार नाही.

दुसरी गोष्ट कामाची. ज्युलिएट कॉर्बिन आणि ॲन्सेल्म स्ट्रॉस यांनी १९८५ मध्ये दाखवले की आजारी माणूस एकाच वेळी तीन प्रकारची कामे करत असतो: आजाराचे, रोजच्या संसाराचे आणि स्वतःच्या आयुष्याचा नव्याने अर्थ लावण्याचे. आजाराचे काम बाहेरून दिसत नाही. रुग्णालयातील हिमोडायलिसिस, म्हणजे निकामी मूत्रपिंडांऐवजी यंत्राने रक्त शुद्ध करणे, बहुधा आठवड्याला तीन वेळा सुमारे चार-चार तास. त्यात जाणे-येणे, नंतरचा थकवा, मोजून प्यायचे पाणी हे धरलेलेच नसते. गोळ्यांचे वेळापत्रक, फॉलोअप, रिपोर्ट, पथ्य, विम्याचे कागद या कामाला सुट्टी नाही आणि कौतुकही नाही. नीट केले तर काहीच घडत नाही, चुकले तर बोलणी बसतात. विल्यम पोलॉन्स्की आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये मधुमेहातील मानसिक ताण मोजण्यासाठी २० प्रश्नांची मोजपट्टी तयार केली. मधुमेहासोबत जगण्याच्या विचाराने राग येतो का, हा त्यातला एक प्रश्न आहे. हा ताण नैराश्यापेक्षा वेगळा मानला जातो, आणि त्यावर नैराश्याचे औषध देऊन भागत नाही.

अन्यायाची भावना

काही राग रास्त असतो. लक्षणे सांगूनही वर्षानुवर्षे निदान न होणे (एन्डोमेट्रिओसिसमध्ये, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजारात, हे नेहमीचे), वेदनेला ‘मनाचे खेळ’ म्हटले जाणे, ‘दिसतेस तर चांगली’ हे शेरे, कामाच्या ठिकाणी आजारपणाच्या रजेवरून होणारी कुजबुज. मायकेल सलिव्हन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये वेदनाग्रस्त रुग्णांतील अन्यायाची भावना मोजणारी १२ विधानांची प्रश्नावली तयार केली. ही भावना तीव्र असलेल्यांत वेदना जास्त आणि कामावर परतणे अवघड, असे त्या दिशेच्या अभ्यासांत वारंवार दिसले. याचा अर्थ रुग्णाने अन्याय विसरावा असा लावला जातो, तो घाईचा आहे. चुकीची वागणूक हे कारण असेल तर ती सुधारणे हाही उपचारच.

हा राग योग्य ठिकाणी मात्र क्वचित पोचतो. डॉक्टरांवर, कार्यालयावर रुग्ण अवलंबून असतो, तिथे तो मान डोलावतो. मग वड्याचे तेल वांग्यावर निघते: घरी आदळआपट, मुलांवर ओरडणे. कधी तो आतच वळतो आणि ‘माझ्याच चुकीने हे झाले’ असा सूर लागतो. कधी त्याचा असहकार होतो, गोळ्या मुद्दाम चुकवल्या जातात.

रागाचा शरीरावर परिणाम

हृदयविकाराचा झटका आलेल्या १,६२३ रुग्णांच्या मुलाखतींवर आधारित १९९५ मधील अभ्यासात तीव्र रागानंतरच्या दोन तासांत झटक्याचा धोका सुमारे २.३ पट वाढल्याचे आढळले. एका वेळच्या रागापुरता हा धोका प्रत्यक्षात लहानच असतो, पण आधीच हृदयविकार असलेल्या आणि वारंवार भडकणाऱ्या माणसाच्या बाबतीत त्याची बेरीज होते. २०२४ मध्ये २८० निरोगी प्रौढांवर झालेल्या प्रयोगात केवळ आठ मिनिटे रागाची आठवण जागवल्याने रक्तवाहिन्यांची प्रसरण पावण्याची क्षमता घटली आणि हा परिणाम ४० मिनिटांपर्यंत राहिला. राग गिळल्याने सुटका होते असेही नाही. जुनाट पाठदुखीच्या रुग्णांवरील प्रयोगांत राग दाबल्यानंतर स्नायूंचा ताण आणि वेदना वाढल्याचे दिसले.

हाताळणी

‘एकदा मनसोक्त ओरडून घे, मोकळे वाटेल’ हा सल्ला लोकप्रिय आहे आणि चुकीचा आहे. २०२४ मध्ये १५४ अभ्यासांतील १०,१८९ व्यक्तींच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण झाले. शरीराची उत्तेजना उतरवणारे उपाय, म्हणजे संथ श्वसन, शिथिलीकरण, ध्यान, यांनी राग कमी झाला. उत्तेजना वाढवणाऱ्या कृतींनी एकंदरीत झाला नाही, आणि धावण्याने तर तो वाढण्याकडेच कल दिसला. व्यायाम इतर अनेक कारणांनी आवश्यक आहे, फक्त भडकलेल्या क्षणीचा उतारा म्हणून तो कामाचा नाही.

निरोगी लोकांसाठी बेतलेली तंत्रे आजाराप्रमाणे बदलून घ्यावी लागतात, हे पुस्तकी सल्ल्यांत सुटून जाते. फुप्फुसाचा जुनाट विकार असलेल्याला श्वास रोखून धरायला लावणे चूक; त्याने ओठ आवळून सावकाश श्वास सोडावा. स्नायू आवळून सैल सोडण्याच्या पद्धतीत सुजलेले सांधे असलेल्याने आवळण्याचा भाग गाळून फक्त सैल सोडण्यावर लक्ष द्यावे. डोळे मिटून शरीराकडे लक्ष देण्याचा ध्यानप्रकार काहींची वेदना उलट वाढवतो. त्यांना उघड्या डोळ्यांनी एखाद्या आवाजाकडे लक्ष देणे सोपे जाते. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सुरू केलेला आठ आठवड्यांचा सजगता-कार्यक्रम मुळात अशाच दीर्घकालीन दुखण्याच्या रुग्णांसाठी होता.

रागाची नोंदवही हे साधन साधे आणि उपयोगी आहे. तीत राग कोणावर आला याच्या बरोबरीने वेळ, झोप किती झाली, वेदना किती, शेवटचे जेवण आणि डोस कधी, हे लिहावे. दोन-तीन आठवड्यांत नमुना दिसू लागतो: संध्याकाळचे भडके, डोसानंतरचे दिवस, फॉलोअपच्या आदल्या रात्री. संध्याकाळच्या थकव्यातून राग येत असेल तर महत्त्वाचे बोलणे सकाळी उरकणे आणि दमण्यापूर्वीच थांबणे याने जे साधते ते विचारांशी झगडून साधत नाही. रेमंड नोव्हाको यांनी १९७५ च्या सुमारास घडवलेल्या रागनियंत्रणाच्या पद्धतीत भडकवणाऱ्या प्रसंगाची आधीच तयारी करण्यावर भर आहे. हा भाग रुग्णालयाच्या भेटींना चांगला लागू पडतो: तक्रार प्रश्नाच्या रूपात लिहून नेणे, सोबत कोणाला तरी नेणे, “हे मला पटलेले नाही, पुन्हा समजावून सांगा” हे वाक्य आधीच तोंडात बसवणे.

मनातले लिहून काढण्याबाबत १९९९ मध्ये दमा आणि संधिवाताच्या रुग्णांवर प्रयोग झाला. सलग तीन दिवस आयुष्यातील सर्वांत क्लेशकारक अनुभवाबद्दल लिहिणाऱ्यांची प्रकृती चार महिन्यांनंतर तुलनेने बरी आढळली. पुढच्या अभ्यासांत निकाल संमिश्र आले, तेव्हा हा उपाय करून पाहण्याजोगा आहे, रामबाण नाही. स्टॅनफर्डमध्ये केट लोरिग यांनी विकसित केलेल्या सहा आठवड्यांच्या स्वयंव्यवस्थापन वर्गांत शिकवणारे स्वतः दीर्घ आजाराचे अनुभवी असतात. समदुःखी माणसापुढे चिडण्याचे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही, हा अशा गटांचा मोठा फायदा. नुसती गाऱ्हाणी उगाळणारे गट मात्र राग तापतच ठेवतात.

‘सकारात्मक राहा’ हा आग्रह कल्याणाच्या नावाखाली केला जातो, पण तो बहुतेक वेळा ऐकणाऱ्याची सोय पाहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ च्या व्याख्येत आरोग्य म्हणजे ‘संपूर्ण’ सुस्थिती. तिच्या कसोटीवर दीर्घ आजारी माणूस कायमचा नापास. माख्टेल्ड ह्यूबर यांनी २०११ मध्ये परिस्थितीशी जुळवून घेण्याची आणि स्वतःची व्यवस्था पाहण्याची क्षमता हा निकष सुचवला, तो या विषयाला अधिक जवळचा आहे. त्यात अधूनमधून चिडणाऱ्या माणसालाही जागा आहे.

घरची माणसे

काळजी घेणाऱ्यालाही राग येतो आणि आजारी माणसावर चिडलो याची अपराधी भावना त्यात भर घालते. त्यांच्यावरील भार मोजण्यासाठी स्टीव्हन झारिट यांनी १९८० मध्ये प्रश्नावली तयार केली. तिच्या प्रचलित रूपात रुग्णाजवळ असताना राग येतो का, हे सरळ विचारले आहे. आजार समजून घेणे म्हणजे अपमान सोसणे नव्हे. कारण औषध असो वा वेदना, मारहाण आणि धमकी यांना मर्यादा घालावीच लागते, आणि ती घालणाऱ्याने आधी स्वतःला आणि मुलांना सुरक्षित ठिकाणी न्यावे.

तातडीने वैद्यकीय मदत कधी

एरवी शांत असलेली व्यक्ती काही तासांत किंवा दिवसांत भडक, गोंधळलेली, असंबद्ध बोलणारी झाली, तर तो स्वभावाचा प्रश्न समजू नये. यकृताच्या रुग्णात ते रक्तातील विषारी द्रव्यांचा मेंदूवर परिणाम झाल्याचे, वृद्धात जंतुसंसर्गाचे, इन्सुलिन घेणाऱ्यात साखर घसरल्याचे पहिले चिन्ह असू शकते. नवे औषध सुरू झाल्यावर झोप अजिबात न लागणे आणि सोबत सतत चढलेला पारा, तसेच रागाच्या भरात जीव देण्याची किंवा दुसऱ्याला इजा करण्याची भाषा, यांसाठी पुढच्या भेटीची वाट पाहू नये.