हेल्मेटधारी दुचाकीस्वारांच्या डोक्याच्या व मानेच्या दुखापती

दुचाकीच्या अपघातात हेल्मेट घातलेल्या स्वाराच्या कवटीला, मेंदूला, चेहऱ्याला व मानेच्या मणक्यांना होणाऱ्या इजा. २००८ च्या कोक्रेन समीक्षेनुसार (अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा) हेल्मेटमुळे मृत्यूची शक्यता सुमारे ४२, तर डोक्याच्या इजेची ६९ टक्क्यांनी घटते. उरलेल्या इजांचे स्वरूप मात्र वेगळे असते.

ब्रिटिश मेंदूशल्यविशारद ह्यू केर्न्स यांनी १९३५ मध्ये मोटरसायकल अपघातात जखमी झालेल्या टी. ई. लॉरेन्स ('लॉरेन्स ऑफ अरेबिया') यांना मृत्यूशी झुंजताना पाहिले. पुढे महायुद्धकाळात लष्करी मोटरसायकलस्वारांच्या इजांचा अभ्यास करून १९४१ मध्ये त्यांनी हेल्मेटचा उपयोग दाखवून दिला.

हेल्मेटचे कडक कवच आघात पसरवते, पण तो गिळण्याचे काम आतला थर्माकोलचा थर करतो. तो चेपतो, म्हणून डोके एकदम न थांबता किंचित सावकाश थांबते. चेपलेला थर पुन्हा पूर्ववत होत नाही. त्यामुळे जोरात आदळलेले हेल्मेट वरून धडधाकट दिसले तरी वापरू नये. आघात तिरका असला तर डोके गर्रकन फिरते आणि मेंदू कवटीइतक्या वेगाने न फिरता रेंगाळतो. मग हाड शाबूत राहूनही मेंदूतले तंतू ताणले जातात, शिरा तुटून रक्त साकळते. युरोपच्या ईसीई २२.०६ या हेल्मेट-मानकात म्हणूनच तिरक्या आघाताची चाचणी आली.

अर्ध्या हेल्मेटमध्ये जबडा उघडाच राहतो. पूर्ण हेल्मेटमध्येही हनुवटीवर बसलेला जबर तडाखा जबड्यावाटे कवटीच्या तळापर्यंत पोचून तिथले हाड मोडू शकतो. पट्टा सैल असेल तर हेल्मेट आदळण्याआधीच निसटते.

हेल्मेटच्या वजनाने मानेला धोका वाढतो, हा आक्षेप पुण्यात हेल्मेटसक्तीच्या विरोधात वारंवार घेतला गेला. मानेबाबतचा पुरावा डोक्याइतका भक्कम नाही, तरी तो या आक्षेपाच्या बाजूने झुकत नाही. लॉस एंजेलिस परिसरातील सुमारे ९०० अपघातांची जागेवर तपासणी करणाऱ्या अमेरिकी संशोधक हॅरी हर्ट यांच्या १९८१ च्या अहवालात मानेच्या इजा वाढल्याचे आढळले नाही. अमेरिकेतील ४० हजारांहून अधिक नोंदींच्या २०११ मधील विश्लेषणात हेल्मेटधारींमध्ये मानेच्या मणक्यांच्या इजा उलट कमीच होत्या.

जखमीचे हेल्मेट एकट्याने ओढून काढू नये. श्वास अडला असेल तर एकाने डोके व मान स्थिर धरावी, दुसऱ्याने पट्टा सोडून हेल्मेट अलगद काढावे.