घोरणाऱ्याच्या खोलीत आपला पलंग कुठे असावा?

“काय गाढ झोप लागलीय भाऊजींना! सुखी माणूस बाई.”

मावशीने दारातून डोकावून हे म्हटलं तेव्हा पहाटेचे पाच वाजले होते, आणि मी त्या सुखी माणसाच्या शेजारच्या पलंगावर रात्रभर टक्क जागा होतो. इंदूरला मावसभावाच्या मुलाची मुंज होती. मी बडोद्याहून आलेला, ताई-भाऊजी ग्वाल्हेरहून. राजवाड्यापासून चालत जाता येईल असा एक लॉज ठरवला होता. बायका एका खोलीत, पुरुष दुसऱ्या. सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीत बारापर्यंत गराडू आणि भुट्ट्याचा कीस हाणून आम्ही परतलो, भाऊजी उताणे पडले आणि पाच मिनिटांच्या आत सुरू झाले. तिसऱ्या पलंगावरचे काका ऐकू येण्याचं यंत्र काढून झोपतात, त्यामुळे त्यांना काही फरक पडला नाही.

घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय, हा समज आपल्याकडे घरोघरी आहे. प्रत्यक्षात घोरणं म्हणजे हवेला वाट कमी पडल्याची तक्रार. नाकात हाड आहे, श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्या आहेत. मधला घशाचा भाग मात्र नुसत्या स्नायूंच्या भरवशावर उघडा असतो. झोपेत हे स्नायू सैल पडतात. माणूस उताणा असेल तर जीभही मागे घसरते. वाट अरुंद झाली की तिथून जाणाऱ्या हवेचा वेग वाढतो आणि वेग वाढला की तिथला दाब कमी होतो. शाळेत दोन कागद समोरासमोर धरून मधून फुंकर मारायला लावतात, तेव्हा ते लांब जायच्या ऐवजी एकमेकांना चिकटतात, तोच प्रकार. मृदू टाळू आणि पडजीभ आत ओढली जातात, वाट क्षणभर मिटते, मागे दाब साचतो, वाट उघडते, पुन्हा मिटते. वाऱ्यावर फडफडणाऱ्या पताकेसारखं हे सेकंदाला कित्येक वेळा चालतं. दारूने स्नायू आणखी सैल पडतात, सर्दीने नाकातली वाट आणखी चोंदते, आणि मानेभोवती चरबी असेल तर घसा मुळातच निमुळता असतो. इतकं पुरे. माझा जीव अडकलाय तो पुढच्या भागात.

मी जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलं. रात्री दोन वाजता असा माणूस दुसरं काय करणार? मोबाइलमध्ये आवाजाचा पट्टा दाखवणारं एक अॅप आहे, ते उघडलं. आवाजात किती कंपनांचे सूर मिसळलेत ते त्यात आडव्या रेघांनी दिसतं. भाऊजींची सगळ्यात जाड रेघ १०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १०० कंपनांच्या, आसपास होती, त्याच्यावर २००, ३०० अशा बारीक होत गेलेल्या रेघा. म्हणजे हा खर्जातला आवाज, आणि प्रवाशाचं सगळं दुर्दैव या खर्जात आहे.

ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. त्याला १०० ने भागलं की एका लाटेची लांबी येते ३.४ मीटर. एवढी लांब लाट डोक्यावर घेतलेल्या उशीला दाद देत नाही, उशीला वळसा घालून येते. पडदे, गाद्या, रजया वरचे सूर बऱ्यापैकी शोषतात, खर्ज तसाच सोडून देतात. आणि विटांच्या जाड भिंती? त्या खर्ज शोषतही नाहीत आणि सहज बाहेरही जाऊ देत नाहीत, परत खोलीत फेकतात. भिंतीवरून परतलेली लाट समोरून येणाऱ्या लाटेला भेटते. खोलीची लांबी आणि लाटेची लांबी यांचं गणित जमलं, की दोघी मिळून खोलीत ठाण मांडून बसतात. यालाच स्थिर तरंग म्हणतात. मग खोलीतल्या काही जागी दाबाची चढउतार सगळ्यात जास्त असते (प्रस्पंद), तर काही जागी जवळजवळ शून्य (निस्पंद). सतार छेडल्यावर तारेचा काही भाग जोरात हलतो आणि काही ठिपके जागच्या जागी राहतात, तसंच. फक्त इथे तारेच्या जागी खोलीतली हवा.

आता जरा सावकाश वाचा. वर्गात बरीच मुलं इथेच गळायची. भिंतीला लागून असलेली हवा पुढेमागे हलू शकत नाही, भिंत आडवी येते. म्हणजे हालचालीच्या हिशेबात भिंत हा निस्पंद. पण हवा जिथे हलू शकत नाही तिथेच ती दाबली आणि सोडली जाते, म्हणून दाबाच्या हिशेबात तीच भिंत प्रस्पंद. आपला कानाचा पडदा दाबाने हलतो. म्हणजे भिंतीला कान लावून झोपलेल्या माणसाला त्या दिशेचा प्रत्येक स्थिर तरंग पूर्ण जोरात ऐकू येतो. कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन एकत्र येतात, तिथे तर तिन्ही दिशांचे तरंग जोरात. आणि लॉजवाल्याने पलंग कुठे टाकलेले असतात? उशाकडची बाजू भिंतीला टेकवून. माझा तर कोपऱ्यात.

लॉर्ड रॅले यांनी १९व्या शतकात ध्वनिशास्त्राचा पाया घातला. परस्परतेचा नियमही त्यांनी व्यापक रूपात मांडला: ऐकणारा आणि आवाज करणारा यांनी जागा बदलल्या तरी दोघांमधल्या ध्वनीचा हिशेब तोच राहतो. म्हणजे जी जागा ऐकायला वाईट, तीच घोरायलाही वाईट. भिंतीशी डोकं ठेवून घोरणारा माणूस त्या दिशेच्या सगळ्या तरंगांना एकदम जागं करतो. भाऊजींचं डोकंही भिंतीलाच होतं.

माझा पहिला उपाय चुकला, तोही सांगतो. उशी उचलली आणि पायथ्याशी ठेवली. भाऊजींचं तोंड आणि माझा कान यांच्यातलं अंतर एक मीटरवरून दोनावर गेलं. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो, तेवढा तरी उतरेल म्हटलं. तेवढ्यात काका पाणी प्यायला उठले, अंधारात माझ्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाले, “अरे, उत्तरेला डोकं? उठ आधी!” सकाळी त्याचं शास्त्रही सांगितलं: पृथ्वी चुंबक, रक्तात लोह, म्हणून उत्तरेला डोकं केलं की रक्त डोक्याकडे ओढलं जातं. शास्त्राचा वेश चढवलेली अंधश्रद्धा साध्या अंधश्रद्धेपेक्षा चिवट असते. रक्तातलं लोह खिळ्यातल्या लोखंडासारखं चुंबकाला चिकटत नाही. ऑक्सिजन धरलेलं हिमोग्लोबिन चुंबकापासून अगदी किंचित दूरच सरकतं, हे लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी १९३६ साली मोजलं होतं. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण ५० मायक्रोटेस्ला, तर एमआरआयचं यंत्र १.५ टेस्लाचं, म्हणजे तीस हजार पट. त्या बोगद्यात माणूस निवांत पडून राहतो, रक्त कुठे ओढलं जात नाही. काकांचा स्वतःचा एमआरआय दोनदा झालाय, हे मी त्यांना आदराने आठवून दिलं.

तरीही त्या जागी झोप लागली नाही हे खरं. कारण मात्र उत्तर दिशा नव्हे, फरशी. मी फरशा मोजल्या. दोन फुटांची एक, अशा साडेपाच: खोली उशाच्या भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत ११ फूट, म्हणजे ३.३५ मीटर. १०० हर्ट्झची एक अख्खी लाट या खोलीत बेतल्यासारखी बसत होती! अशा वेळी दाबाचे प्रस्पंद तीन: दोन भिंती आणि खोलीचा बरोबर मध्य. पलंग सव्वासहा फुटांचा. पायथ्याशी उशी घेतली की डोकं येतं साडेपाच फुटांवर. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

निस्पंद होते पाव अंतरावर, भिंतीपासून पावणेतीन फुटांवर. मी उशी पुन्हा जागच्या जागी नेली आणि पलंग एक फरशी पुढे ओढला. लोखंडी पायांचा कर्रकन आवाज झाला, भाऊजी कूस न बदलता घोरत राहिले. आडवा झालो. छातीत गुरगुरल्यासारखं जे वाटत होतं ते खरोखर ओसरलं. जादू झाली नाही. १०० गेला तरी वरचा २०० तिथे होताच, कारण त्याच्यासाठी पाव अंतर हाही प्रस्पंदच. शिवाय घोरण्याचा सूर सरकत राहतो, आणि तोंडातून थेट कानावर येणारा आवाज कुठल्याच तरंगाला विचारत नाही. पण फरक कानाला कळण्याइतका होता. तुम्हाला फरशा मोजायचा कंटाळा असेल तर एवढंच करा: उशी भिंतीपासून आणि कोपऱ्यापासून दोनतीन फूट दूर घ्या, आणि तिथे पडल्या पडल्या डोकं अर्धा फूट इकडे, अर्धा फूट तिकडे करून बघा. कान सांगतो.

वरच्या सुरांसाठी फोमचे इअरप्लग. मी त्या रात्री कापसाचे बोळे घातले होते, त्यांचा उपयोग जवळजवळ नाही. दुसऱ्या दिवशी मेडिकलमधून प्लग आणले. बहुतेक लोक ते बाटलीच्या बुचासारखे नुसते टेकवतात आणि मग कंपनीला शिव्या देतात. प्लग बोटांत वळून उदबत्तीसारखा बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. फट राहिली की सगळ्यात आधी खर्जच आत येतो. आवाज रद्द करणारे हेडफोन याच्या उलट खर्जावरच सगळ्यात चांगले चालतात. आलेल्या लाटेवर तिची उलटी लाट टाकायची ही कल्पना पॉल ल्यूग यांच्या १९३६ च्या पेटंटमधली. पण ते घालून कुशीवर झोपता येत नाही. पंखा पाचवर ठेवणं फुकटात होतं आणि बरं. त्याच्या घरघरीत घोरण्याचे काही सूर बुडतात. पाऊस किंवा धबधबा लावायचा तर नुसती सळसळ नको, भारदस्त गडगडणारा निवडा. खर्ज झाकायला खर्जच लागतो.

नाकात अडकवायचं चुंबक, करंगळीत घालायची घोरणबंद अंगठी, झोपताना बेंबीत मोहरीचं तेल, हे सगळं भाऊजींनी करून झालंय असं ताईने सांगितलं. बेंबीतून घशाकडे जाणारी नळी निदान शरीरशास्त्राच्या पुस्तकात तरी नाही.

आपलाही थोडा दोष असतो. नव्या जागी पहिल्या रात्री मेंदू पुरता झोपतच नाही. ब्राउन विद्यापीठात मासाको तामाकी, युका सासाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली दाखवलं की अनोळखी जागेतल्या पहिल्या रात्री गाढ झोपेतही मेंदूचा डावा अर्धा भाग जास्त सावध राहतो आणि वेगळ्या आवाजाला चटकन दचकतो. डॉल्फिन मेंदूचा एकेक भाग आळीपाळीने झोपवतात, त्याची ही जरा पुसट आवृत्ती. काही दिवसांनी तीच माणसं तिथेच पुन्हा झोपली तेव्हा हा पहारा दिसला नाही. म्हणून मुक्काम दोन रात्रींचा असेल तर पहिल्या रात्रीवरून लॉजला नावं ठेवू नयेत.

आणि मेंदू दचकतो तो आवाजापेक्षा आवाजातल्या बदलाला. भाऊजींचं घोरणं एका लयीत चाललं तर माझी पापणी जड व्हायची. मग ते एकदम थांबायचं. शांतता. मी डोळे उघडून वाट बघायचो. नंतर गुदमरल्यासारखा एक हिसका आणि पुन्हा सुरू. वाट अर्धवट मिटली तर आवाज येतो, पूर्ण मिटली तर येत नाही. ही शांतता १० सेकंद किंवा जास्त असेल तर डॉक्टर ती मोजतात, आणि हवा घटून रक्तातला ऑक्सिजन उतरतो असे प्रसंगही त्यात धरतात. तासाला पाचापर्यंत चालतं, पंधराच्या पुढे मध्यम, तिसाच्या पुढे तीव्र स्लीप अॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडण्याचा आजार. प्रत्येक वेळी मेंदू अर्धवट जागा होऊन श्वास सोडवतो, माणसाला सकाळी काही आठवत नाही. रक्तदाब वाढतो, दिवसा गाडी चालवताना डुलक्या येतात. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये सिडनीत नाकावाटे हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवायची युक्ती काढली, ते यंत्र आज जगभर वापरतात. आता सांगा, सुखी माणूस कुठला?

दुसऱ्या रात्री ताईने भाऊजींच्या पाठीशी टॉवेलची गुंडाळी घालून त्यांना कुशीवर झोपवलं, तेव्हा बराच फरक पडला. पण पहिल्या रात्रीचं मी रेकॉर्ड केलं होतं. मुंजीच्या सकाळी पोहे-जलेबीच्या ठेल्यावर उभ्या उभ्या ते भाऊजींना ऐकवलं. आधी हसले, “हा मी नाहीच, हे काका असणार.” मग ती थांबण्याची जागा आली. त्यांनी नकळत मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. दोन्ही पत्रावळ्या ताईने हातात धरल्या होत्या, पोह्यांवरची शेव मऊ पडत चालली होती. हिसका आला तेव्हा त्यांनी मान वर केली.

“एकवीस,” म्हणाले. मग जरा वेळाने, “पुन्हा लाव बघू.”