‘कळवतो’ म्हणून न कळवण्याची जुनी सवय

धुळे-नंदुरबारकडचा मुलगा मुलाखतीला पुण्याला निघतो तेव्हा रात्रीची ट्रॅव्हल्स पकडतो. पहाटे उतरला की स्टँडवरच्या नळावर तोंड धुतो आणि पिशवीत घडी मोडू नये म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळलेला इस्त्रीचा शर्ट अंगात घालतो. मुलाखत दहा मिनिटांची, शेवटी एकच शब्द, ‘कळवतो’. मीही असाच गेलो होतो. तीन महिने पोस्टमनची वाट पाहिली. पुढे पुढे आईनेही विचारायचं सोडून दिलं.

आजच्या एचआरवाल्यांच्या कितीतरी आधीपासून ही रीत चालत आली आहे. खानदेशात पगारी नोकरी आली ती गिरण्यांबरोबर. जळगावची खानदेश मिल, अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप. त्या काळी गिरण्यांतली भरती जॉबरच्या, म्हणजे कामगारांवरच्या मुकादमाच्या, हातात असे. अर्ज नाही, मुलाखत नाही. भोंगा व्हायच्या आधी बदलीवाले, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी रोजापुरतं काम मागणारे, गेटवर उभे राहत. जॉबरने ज्याच्याकडे बोट केलं तो आत, बाकीचे घरी. का घेतलं नाही, हे कुणी सांगत नसे आणि विचारायची सोयही नसे. मर्जी राखायला जॉबरला दस्तुरी, म्हणजे लाच, मोजावी लागे ती वेगळीच. कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला १९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात या लाचखोरीबद्दल स्पष्ट लिहिलं आणि भरतीचं काम जॉबरकडून काढून कामगार अधिकाऱ्याकडे द्यावं, असं सुचवलं.

मग आलं एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज, म्हणजे बेरोजगारांची नावं नोंदवणारं सरकारी कार्यालय. १९४५ मध्ये युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी सुरू झालेली ही कार्यालयं नंतर सगळ्यांना खुली झाली. खानदेशातल्या एका अख्ख्या पिढीने तिथल्या नावनोंदणीचं कार्ड जपलं, नूतनीकरणाची तारीख चुकू नये म्हणून पेरणी सोडून जिल्ह्याला खेटे घातले. १९५९ च्या कायद्याने २५ किंवा अधिक माणसं असलेल्या खासगी आस्थापनांनाही रिकाम्या जागा कळवणं बंधनकारक झालं, मात्र तिथलाच उमेदवार घ्यावा अशी सक्ती नव्हती. पुढच्या वर्षीच्या नियमांत निवडीचा निकाल १५ दिवसांत कळवायचा, असंही आलं. पण कळवायचा तो कार्यालयाला, उमेदवाराला नव्हे. मला या सगळ्या इतिहासात हीच ओळ सर्वांत जास्त टोचते.

शंभरातून एकालाच घेता येतं, हे उमेदवारालाही समजतं. त्याला हवं असतं ते दोन ओळींचं ‘नाही’. ते मिळालं की तो मोकळा होतो. सुरतेला जायचं, पुन्हा अर्ज करायचा की यंदा कापूस सांभाळायचा, हे घरात बसून ठरवता येतं.

आता बायोडाटा मोबाइलवरून जातो, उत्तर पाठवायला पोस्टाचं तिकीटही लागत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने, काम संपल्यावर माणसाची माहिती मिटवण्याची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यावर टाकली आहे. म्हणजे त्या मुलाचा बायोडाटा कधी पुसायचा, याचा विचार कायद्याने केला. त्याला निकाल कधी सांगायचा, ते अजून भरती करणाऱ्याच्या मनावरच आहे.