जुना सीडी प्लेयर आणताय? आतला स्क्रू फिरवू नका

‘नो डिस्क’ दाखवत होता, व्हिडिओ बघून हेडजवळचा (डिस्क वाचणाऱ्या लेसरच्या भागाजवळचा) बारीक स्क्रू टेस्टरने जरासा फिरवला, आठवडाभर मस्त वाजला, आता डिस्क फिरतसुद्धा नाही. दुरुस्तीला येणाऱ्या गिऱ्हाइकांकडून ऐकून ही हकिगत आम्हाला आता तोंडपाठ झाली आहे, म्हणून हे पत्रक.

तो स्क्रू नसून प्रिसेट, म्हणजे फिरवून करंट कमीजास्त करायचा छोटा रेझिस्टर, असतो. लेसरचा प्रकाश किती प्रखर ठेवायचा हे त्यावर ठरतं आणि कारखान्यात तो प्रत्येक हेडला वेगवेगळा लावलेला असतो. सोनीच्या केएसएस-210ए सारख्या हेडच्या स्टिकरवर तीन आकडे छापलेले दिसतील. 495 म्हणजे 49.5 मिलिअँपिअर करंट. आम्ही पहिल्यांदा हाच करंट मोजतो. आकडा जुळला तर लेसर ठणठणीत, दोष दुसरीकडे. बराच वाढलेला असला तर लेसर थकला. प्रिसेट हलवून आणलात की वाढलेला करंट वयामुळे की तुमच्या टेस्टरमुळे, हे सांगताच येत नाही. मग ऑसिलोस्कोप (सिग्नल पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावून सगळं पहिल्यापासून, आणि बिलही त्याच हिशेबाने. शिवाय जास्तीच्या करंटने मळक्या लेन्समधूनही चार दिवस डिस्क वाचली जाते खरी, पण लेसर डायोड जळत जातो.

खरा दोष बहुतेक वेळा साधा निघतो: लेन्सवरची धूळ, रेलवरचं घट्ट झालेलं ग्रीस, ट्रेचा सैल बेल्ट. फिलिप्स सीडी104 असेल तर सर्वो बोर्डाच्या (डिस्क आणि लेन्सची हालचाल सांभाळणाऱ्या सर्किटच्या) दोन बाजू जोडणारे सांधे सुटलेले असतात. ते नव्याने सोल्डर करावे लागतात.

‘सरळ नवं हेड टाका’ असा आग्रह आम्ही मानत नाही. फिलिप्सचं काचेच्या लेन्सचं सीडीएम-1 हेड आता कुठेच बनत नाही, आणि सोनीच्या हेडच्या स्वस्त नकलांचा भरवसा नाही. मूळ हेड वाचवण्यातच तुमचा फायदा. तपासणीचे पैसे घेतो. काम करून घेतलंत तर बिलातून वजा.

‘14 बिटचा आहे, खर्च करावा का?’ असंही विचारतात. 1980च्या दशकातल्या फिलिप्सच्या त्या प्लेयरमध्ये डिस्कवरच्या आकड्यांचा आवाज करणारी 14 बिटची टीडीए1540 चिप आणि चौपट ओव्हरसॅम्पलिंग (मधले नमुने मोजून भरणं) आहे. आकड्यावर जाऊ नका, दुकानात येऊन ऐका. आमच्या मते खर्च वसूल होतो.

आणण्याआधी विकत घेतलेली मूळ सीडी घरी लावून पाहा. सीडी-आरडब्ल्यूवरून (पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडीवरून) प्रकाश फार कमी परततो, त्यामुळे जुन्या प्लेयरने ती वाचली नाही तर तो बिघाड नव्हे. जपानहून आलेला 100 व्होल्टचा सेट थेट आपल्या 230 व्होल्टच्या प्लगला लावू नका. झाकण उघडं असताना लेन्समध्ये डोकावू नका, तो प्रकाश डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. येताना आतली डिस्क काढून ठेवा, रिमोट आणि अडकणारी एखादी सीडी सोबत आणा.