फिलिबस्टर (चर्चारोध)

अमेरिकेच्या सिनेटमध्ये चर्चा संपू न देता विधेयक, ठराव किंवा नेमणूक मतदानापर्यंत पोचूच द्यायची नाही, या डावपेचाला ‘फिलिबस्टर’ म्हणतात. मराठीत ‘चर्चारोध’ हा प्रतिशब्द सुचवता येतो. वृत्तपत्रे मात्र मूळ शब्दच वापरतात. संविधानात या डावपेचाचा मागमूस नाही. प्रत्येक सभागृहाने आपले नियम आपण ठरवावेत, एवढेच पहिल्या अनुच्छेदाचे पाचवे कलम सांगते. १०० सदस्यांच्या सिनेटमध्ये विधेयक मंजूर व्हायला साधे बहुमत पुरते, पण त्यावर मतदान घ्यायचे की नाही हे ठरायला ६० मते लागतात. अमेरिकी राजकारणातील पक्षीय कोंडीविषयी जी चीड सतत व्यक्त होते, तिचा बराचसा रोख ५१ आणि ६० यांमधल्या या ९ मतांवर असतो.

व्युत्पत्ती : डच भाषेतील ‘व्रेइबाउटर’ (लूट करीत हिंडणारा, चाचा) हे शब्दाचे मूळ मानले जाते. फ्रेंच ‘फ्लिब्युस्तिए’ आणि स्पॅनिश ‘फिलिबुस्तेरो’ या वळणांनी तो इंग्रजीत आला. मधला ‘स’ कुठून घुसला याबद्दल एकमत नाही. १८५०च्या दशकात क्यूबा व मध्य अमेरिकेवर खाजगी स्वाऱ्या करणाऱ्या अमेरिकी साहसी लोकांना हे नाव पडले. १८५६ मध्ये निकाराग्वाचा अध्यक्ष होऊन बसलेला विल्यम वॉकर त्यांतला सर्वांत कुप्रसिद्ध. संसदीय संदर्भातला सुरुवातीचा उल्लेख म्हणून जानेवारी १८५३ मधील प्रतिनिधिगृहातील क्यूबाविषयक चर्चा दाखवली जाते. मिसिसिपीच्या अल्बर्ट ब्राउन यांनी आपल्याच पक्षातील एका सदस्याच्या भाषणाला हा शब्द लावला. मात्र तिथे अर्थ ‘देशाविरुद्ध स्वारी’ असा दिसतो, ‘वेळकाढूपणा’ असा नाही. त्यामुळे आजच्या अर्थाचा उगम तिथे धरणे घाईचे ठरते. तो अर्थ १९व्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत रुळला असावा.

१८०६चा प्रश्न : या पद्धतीचा जन्म कधी झाला, हा अभ्यासकांतील खरा वाद आहे. सिनेटच्या १७८९च्या नियमांत ‘प्रीव्हिअस क्वेश्चन’ नावाचा प्रस्ताव होता. ‘मूळ प्रश्न आता मतास टाकावा काय?’ असे त्याचे स्वरूप. मार्च १८०५ मध्ये निरोपाच्या भाषणात उपाध्यक्ष ॲरन बर यांनी नियमावली आटोपशीर करण्याचा सल्ला दिला आणि मोजक्याच वेळा वापरल्या गेलेल्या या प्रस्तावाकडे बोट दाखवले. १८०६ मध्ये नियमांची फेरमांडणी झाली, तेव्हा हा प्रस्ताव गळाला. साधे बहुमत चर्चा थांबवू शकेल अशी वाटच त्यामुळे बंद झाली आणि अमर्याद चर्चा ही कोणी ठरवून दिलेली देणगी नसून एक अपघात आहे, असे सारा बाइंडर आणि त्यांच्या मताचे अभ्यासक मानतात.

याला जोसेफ कूपर यांचा आक्षेप आहे. त्या काळी हा प्रस्ताव चर्चा तोडण्यासाठी नव्हता. नकोसा विषय बाजूला सारणे हा त्याचा उपयोग होता. तेव्हा तो गळाल्याने हातातले हत्यार गेले असे म्हणता येत नाही, असे ते दाखवतात. कागदपत्रे पाहता १८०६ पूर्वीच्या वापराबद्दल कूपर यांचे म्हणणे खरे दिसते. तरीही बाइंडर यांचा मुद्दा त्याने खोडला जात नाही. प्रतिनिधिगृहाकडेही हाच प्रस्ताव होता, आणि १८११ मध्ये तेथील बहुमताने एका निर्णयाने त्याला चर्चा तोडण्याचे साधन बनवले. सिनेटला तसे करायचे असते तर हाताशी प्रस्तावच नव्हता. म्हणून १८०६ची घटना हेतूच्या दृष्टीने क्षुल्लक आणि परिणामाच्या दृष्टीने मोठी, असे म्हणणे अधिक ग्राह्य वाटते. संस्थापकांनी अल्पमताच्या रक्षणासाठी फिलिबस्टर निर्माण केला, हे भाषणांतून वारंवार ऐकू येणारे विधान मात्र या वादातील कोणत्याच बाजूच्या पुराव्यात बसत नाही.

पहिला ठळक प्रयोग १८३७चा धरतात. अध्यक्ष जॅक्सन यांच्यावरील निषेधाचा ठराव नोंदवहीतून खोडण्यास तेव्हा विरोध झाला होता. १८४१ मध्ये राष्ट्रीय बँकेच्या विधेयकावर हेन्री क्ले यांनी चर्चाबंदी आणण्याची धमकी दिली, पण ती तडीस गेली नाही. १९१७ पूर्वीच्या प्रसंगांची मोजदाद अभ्यासकागणिक बदलते, कारण वेळकाढूपणा कुठे सुरू झाला हे ठरवायला त्या काळच्या कामकाजात निश्चित खूण नाही.

नियम २२ : त्या काळी काँग्रेसची (सिनेट आणि प्रतिनिधिगृह मिळून होणाऱ्या अमेरिकी संसदेची) मुदत ४ मार्चला दुपारी संपत असे, त्यामुळे अखेरच्या दिवसांत थोडेसे बोलणेही विधेयक मारायला पुरे होई. मार्च १९१७ मध्ये व्यापारी जहाजांवर तोफा बसवण्याचे विधेयक असेच बुडाले. अध्यक्ष विल्सन यांनी विरोधकांवर जाहीर आगपाखड केली आणि ८ मार्चला सिनेटने ७६ विरुद्ध ३ मतांनी नियम २२ स्वीकारला. हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश सदस्यांनी मागणी केल्यास चर्चेला मर्यादा घालता येईल, हा त्याचा गाभा. या कृतीला ‘क्लोचर’ म्हणतात. १५ नोव्हेंबर १९१९ रोजी व्हर्सायच्या तहावर तो प्रथम यशस्वी झाला.

१९४९ मध्ये हजर सदस्यांऐवजी एकूण सदस्यसंख्येचे दोन-तृतीयांश असा बदल झाला, १९५९ मध्ये तो उलटवला गेला. १९७५ पासून एकूण सदस्यांचे तीन-पंचमांश, म्हणजे ६०, ही अट आहे. नियम बदलण्यासाठी मात्र हजर व मत देणाऱ्यांचे दोन-तृतीयांशच लागतात. १९७५चा बदल सुधारणा म्हणून गाजला, पण त्यात एक मेख राहिली. हजेरीवर मोजणी असेपर्यंत विरोधकांनाही सभागृहात यावे लागे. आता गैरहजर सदस्य हा आपोआप विरोधी मत ठरतो. २८ मे २०२१ रोजी संसदभवनावरील ६ जानेवारीच्या हल्ल्याच्या चौकशी आयोगाचे विधेयक ५४ विरुद्ध ३५ असे असूनही अडले. ११ जण आलेच नव्हते.

कामकाज कसे चालते : क्लोचरच्या अर्जावर १६ सदस्यांच्या सह्या लागतात. अर्ज सोमवारी दिला तर मंगळवार मोकळा सोडावा लागतो आणि बुधवारी सभागृह भरल्यानंतर एका तासाने मतदान होते. ६० मते पडली तरी लगेच निकाल लागत नाही. त्यानंतर ३० तासांपर्यंत विचार चालू शकतो आणि त्यात प्रत्येक सदस्याला जास्तीत जास्त एक तास मिळतो. ही मर्यादा १९७९ मध्ये १०० तास होती. १९८६ मध्ये ती ३० वर आली. अलाबामाच्या जेम्स ॲलन यांनी १९७०च्या दशकात क्लोचरनंतरही उपसूचनांचा मारा करून काम रोखून दाखवले होते, त्याचा तो बंदोबस्त.

बहुतेक विधेयकांना ही फेरी दोनदा करावी लागते, कारण ‘विधेयक चर्चेला घ्यावे’ या प्रस्तावावरही चर्चारोध करता येतो. वरच्या उदाहरणात बुधवारचे ३० तास गुरुवारी सायंकाळी संपतील. मग विधेयकावर नवा अर्ज, शुक्रवारी दुपारी १ वाजेपर्यंत प्रथम श्रेणीच्या (थेट विधेयकाच्या मजकुरावरील) उपसूचना, सोमवारी मतदान आणि मंगळवारी रात्री अंतिम मत. मूळ मसुद्याऐवजी पर्यायी मसुदा आणलेला असेल, तर त्यासाठी आणखी एक अर्ज. एकाही मुद्द्यावर कोणी भाषण केले नाही तरी सव्वा आठवडा असाच जातो. म्हणून बहुमत पक्षाचा नेता सर्वसंमतीचा करार शोधत असतो, आणि एका सदस्याची हरकत तो करार मोडायला पुरेशी असते. अशा हरकतीची आगाऊ सूचना म्हणजे ‘होल्ड’. २०२३ मध्ये एकाच सदस्याच्या होल्डमुळे ४०० हून अधिक लष्करी बढत्या कित्येक महिने रखडल्या.

नवख्या वाचकाला गोंधळात टाकणारी एक गोष्ट : क्लोचर फसणार असे दिसले की बहुमताचा नेता ऐनवेळी स्वतःचे मत ‘विरोधात’ करतो. फेरविचाराचा प्रस्ताव जिंकलेल्या बाजूच्या सदस्यालाच मांडता येतो, एवढाच त्यामागचा हिशेब. दुसऱ्या दिवशीच्या आकडेवारीत तो आपल्याच विधेयकाचा विरोधक म्हणून दिसतो.

उभे राहून बोलणे : रात्रभर बोलणारा एकटा सदस्य ही फिलिबस्टरची लोकप्रिय प्रतिमा. बोलणाऱ्याला बसता येत नाही, सभागृह सोडता येत नाही. प्रश्नापुरते थांबता येते, पण बोलण्याचा हक्क सोडला की तो गेला. एका ‘वैधानिक दिवसात’ (सभा तहकूब होईपर्यंतच्या काळात) एका प्रश्नावर दोनच भाषणे करता येतात. म्हणून बहुमत पक्ष सभा तहकूब न करता नुसती विश्रांती जाहीर करतो आणि तोच दिवस पुढे ओढतो. स्ट्रॉम थरमंड ऑगस्ट १९५७ मध्ये नागरी हक्क विधेयकाविरुद्ध २४ तास १८ मिनिटे बोलले. विधेयक त्यानंतर सुमारे दोन तासांत मंजूर झाले. २०२५ मध्ये कोरी बुकर २५ तास ५ मिनिटे बोलले, पण ते कोणतेही विधेयक अडवत नव्हते, त्यामुळे काटेकोर अर्थाने तो फिलिबस्टर नव्हे.

अशा लढतीत दमछाक बहुमताचीच होते, हे बहुधा लक्षात येत नाही. गणपूर्ती ५१ची आहे. बोलणाऱ्याचा एक साथीदार मध्यरात्री गणपूर्तीची मागणी करू शकतो, आणि ५१ जण आसपास ठेवण्याची जबाबदारी बहुमतावर पडते. अल्पमताला दोघे पुरतात. १९६४च्या नागरी हक्क कायद्यासाठी सिनेटचे सुमारे ६० कामाचे दिवस खर्ची पडले, तेव्हा १० जूनला ७१ विरुद्ध २९ मतांनी चर्चा थांबली. मेंदूच्या गाठीमुळे बोलू न शकणारे कॅलिफोर्नियाचे क्लेअर एंगल चाकाच्या खुर्चीतून आले आणि डोळ्याकडे बोट दाखवून त्यांनी ‘आय’ हा होकार दिला. झुंडबळीविरोधी विधेयके १९२२, १९३५ व १९३८ मध्ये याच मार्गाने मारली गेली होती. तसा संघीय कायदा २०२२ मध्ये झाला.

दुहेरी रूळ : १९७०च्या दशकाच्या आरंभी सिनेटमधील डेमोक्रॅटिक नेते माइक मॅन्सफील्ड आणि रॉबर्ट बर्ड यांनी अडलेले विधेयक एका रुळावर उभे ठेवून दुसऱ्यावरून बाकीचे काम पुढे न्यायची सोय केली. हेतू चांगला होता. परिणाम असा, की अडवणूक करणाऱ्याला आता बोलायचीही गरज उरली नाही. ‘आमची ४१ मते आहेत’ एवढा निरोप भागतो. चिडीचे मूळ लांबलचक भाषणांत शोधणारे टीकाकार इथेच चुकतात. कोंडी वाढली ती भाषणे बंद पडल्यामुळे. क्लोचरचे अर्ज १९६९–७० मध्ये ७ होते, १९७१–७२ मध्ये २४, १९७३–७४ मध्ये ४४, २००७–०८ मध्ये १३९ आणि २०२१–२२ मध्ये ३३६. हे आकडे जपून वापरावेत. अलीकडचे बरेच अर्ज नेमणुकांसाठी आहेत आणि त्यांना आता ६० मते लागत नाहीत. उलट ६० मते नाहीत म्हणून मांडलेच न गेलेले विधेयक या मोजणीत येत नाही.

नियमाला बगल : नियम बदलायला दोन-तृतीयांश लागतात, पण नियमाचा अर्थ बदलायला साधे बहुमत चालते. बहुमताचा नेता हरकतीचा मुद्दा काढतो, पीठासीन अधिकारी लिखित नियमानुसार तो फेटाळतो, नेता त्या निर्णयाविरुद्ध अपील करतो आणि बहुमत निर्णय उलटवते. झाला पायंडा. या ‘न्यूक्लिअर ऑप्शन’ने २१ नोव्हेंबर २०१३ रोजी डेमोक्रॅटिक पक्षाने सर्वोच्च न्यायालय वगळता सर्व नेमणुकांसाठी साधे बहुमत पुरेसे केले (५२–४८). ६ एप्रिल २०१७ रोजी रिपब्लिकन पक्षाने नील गोर्सच यांच्या न्यायाधीशपदी नेमणुकीसाठी सर्वोच्च न्यायालयही त्यात ओढले. दोन्ही वेळी अल्पमतातला पक्ष परंपरेची आठवण करून देत होता. जानेवारी २०२२ मध्ये मतदान हक्कांच्या विधेयकापुरती बोलत्या फिलिबस्टरची अट आणण्याचा प्रयत्न ४८–५२ असा फसला. सत्ताधारी पक्षाचेच दोघे विरोधात गेले.

दुसरी वाट ‘रिकन्सिलिएशन’ची. १९७४च्या अर्थसंकल्प कायद्यानुसार अशा विधेयकावरील चर्चा २० तासांत संपते, म्हणून ५१ मते पुरतात. मात्र बर्ड नियमाप्रमाणे प्रत्येक तरतुदीचा संबंध महसूल वा खर्चाशी असावा लागतो आणि सिनेटचे पार्लमेंटेरियन (नियमांविषयी सल्ला देणारे अधिकारी) ती छाननी करतात. २०२१ मध्ये १५ डॉलर किमान वेतनाची तरतूद अशीच गळाली. २०१७च्या करकपातीच्या कायद्याचे तर नावच कापले गेले, कारण नावाचा महसुलाशी संबंध नव्हता. अमेरिकेचे मोठे करविषयक कायदे आज याच अरुंद बोळातून जातात आणि त्यामुळे त्यांची रचना वेडीवाकडी होते.

सरकारी खर्चाला मंजुरी देणाऱ्या वार्षिक १२ विनियोजन विधेयकांना ही सवलत नाही. आर्थिक वर्ष सुरू होण्यापूर्वी, म्हणजे १ ऑक्टोबरपूर्वी, ती सर्व मंजूर झाल्याचे अखेरचे उदाहरण १९९७च्या आर्थिक वर्षाचे. २०२५ मध्ये ५३ जागा असलेल्या रिपब्लिकन पक्षाला तात्पुरत्या खर्चासाठी ६० मते जमेनात आणि सरकारी कामकाज ४३ दिवस बंद राहिले. अध्यक्ष ट्रम्प यांनी फिलिबस्टरच काढून टाका असा आग्रह धरला, तो त्यांच्याच पक्षाच्या सिनेट सदस्यांनी मानला नाही. काँग्रेसच्या कामावर समाधानी असलेल्यांचे प्रमाण गॅलपच्या पाहणीत नोव्हेंबर २०१३ मध्ये ९ टक्क्यांवर आले होते, तेही १६ दिवसांच्या कामकाजबंदीच्या पाठोपाठ.

सगळा दोष फिलिबस्टरच्या माथी मारता येत नाही. २०१३चे स्थलांतर विधेयक सिनेटने ६८–३२ असे मंजूर केले होते. ते प्रतिनिधिगृहाच्या नेतृत्वाने मतदानालाच घेतले नाही. ग्रीन कार्डसाठी थांबलेल्या मराठी अभियंत्यांच्या परिचयाचे, प्रत्येक देशाला असलेली ७ टक्क्यांची मर्यादा हटवणारे विधेयक याच्या उलट वाटेने गेले. जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५, मग सिनेटमध्ये सर्वसंमतीच्या मागणीवर एकामागून एक वेगवेगळ्या सदस्यांच्या हरकती. अखेर २ डिसेंबर २०२० रोजी सिनेटने त्याचा बदललेला मसुदा सर्वसंमतीने मंजूर केला. दोन्ही मसुदे जुळवायला महिनाभर उरला होता. तेवढ्यात ते झाले नाही आणि ३ जानेवारी २०२१ रोजी काँग्रेसची मुदत संपताच विधेयक बाद झाले.