क्वांटममध्ये पुढे कोण? नुसते पेपर मोजून कळत नाही

‘ज्या देशाचे पेपर (शोधनिबंध) जास्त, तो क्वांटम तंत्रज्ञानात, म्हणजे अणूपातळीवरचे नियम वापरणाऱ्या तंत्रज्ञानात, पुढे’ हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. शोधनिबंधांच्या डेटाबेसमध्ये नुसता ‘क्वांटम’ शब्द टाकला, की क्वांटम संगणकाबरोबर क्वांटम रसायनशास्त्रही मोजलं जातं आणि टीव्हीच्या पडद्यातले क्वांटम डॉट नावाचे अतिसूक्ष्म कणही. आकडा फुगतो. शोधशब्द कोणते वापरले, हे आधी विचाराच!

तारखाही फसवतात. बनावट करता न येणाऱ्या क्वांटम चलनी नोटांची कल्पना भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन वीस्नर यांनी १९७०च्या सुमारास लिहून काढली. ती नाकारली गेली आणि छापून आली थेट १९८३मध्ये. तिच्याच आधारावर चार्ल्स बेनेट आणि जिल ब्रासार्ड या संशोधकांनी संदेश कुलूपबंद करणारी गुप्त किल्ली पाठवण्याची पद्धत मांडली, तीही १९८४च्या बंगळूरमधल्या परिषदेत. फक्त जर्नलं (संशोधन नियतकालिकं) मोजणाऱ्या आलेखात १९८४ साली हा पायाभूत पेपर दिसतच नाही.