घरपट्टीची वेब सर्व्हिस सरकारी सर्व्हरवर चढवायची? आधी ‘सेफ टू होस्ट’ दाखला

मालवण-वेंगुर्ल्यासारख्या गावात राहून नगरपरिषदेसाठी घरपट्टी-पाणीपट्टीची वेब सर्व्हिस लिहिणाऱ्यांसाठी ही माहिती. सरकारी डेटा सेंटरवर सर्व्हिस चढवायची तर सुरक्षा तपासणीचा ‘सेफ टू होस्ट’ दाखला मागतात. तो सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या यादीतल्या तपासणी संस्थेकडूनच घ्यावा लागतो. यादी सर्ट-इनच्या संकेतस्थळावर आहे.

तपासणीचं पत्र शक्यतो नगरपरिषदेच्या नावानेच जाऊ द्या. बाकीचे कागद तुम्ही जमवायचे: स्टेजिंगचा (सर्व्हिसच्या चाचणी प्रतीचा) पत्ता, नागरिक, लिपिक आणि मुख्याधिकारी असं प्रत्येक भूमिकेचं लॉगिन, सगळ्या मेथडची (सर्व्हिस करते त्या एकेका कामाची) नमुना विनंतीसह यादी आणि डब्ल्यूएसडीएल, म्हणजे सर्व्हिसला विनंती कशी पाठवायची हे सांगणारी फाइल. स्टेजिंगवर लोकांची खरी नावं, फोन नंबर ठेवू नका.

बहुतेकांचं घोडं डब्ल्यूएसडीएलपाशी अडतं. कोड-फर्स्ट पद्धतीत आधी जावाचा क्लास लिहितो आणि डब्ल्यूएसडीएल त्यातून आपोआप बनते. त्या फाइलमध्ये मी एकदा हाताने सुरक्षा पॉलिसी (विनंती कोणत्या सुरक्षेने यावी याचा नियम) घातली होती. पुढच्या बिल्डला फाइल नव्याने बनली, ती पॉलिसी पुसली गेली आणि तपासणीत सर्व्हिस उघडी सापडली. तेव्हा पॉलिसी क्लासवरच लावा. जावाची सर्व्हिस चालवणारं वेबलॉजिक असो की सीएक्सएफ, दोन्हीत त्यासाठी ‘पॉलिसी’ याच नावाचं, कोडमध्ये खूण म्हणून लिहायचं अॅनोटेशन आहे. अख्ख्या क्लासला एचटीटीपीएसची सक्ती करा आणि पैसे भरून घेणाऱ्या मेथडला वेगळी डिजिटल सहीची अट घाला. मग चालू सर्व्हिसची डब्ल्यूएसडीएल उघडून पॉलिसी तिथे उतरली आहे ना, हे डोळ्यांनी बघा. तीच प्रत तपासणीला द्या.

घड्याळाचंही बघा. सर्व्हिसला येणाऱ्या निरोपावर वेळेचा शिक्का मारलेला असेल तर सीएक्सएफ तो, सेटिंग बदललं नसेल तर, ३०० सेकंदच मानतं. पावसात लाईट जाऊन कार्यालयातल्या जुन्या मशीनचं घड्याळ मागे पडलं की रीतसर विनंतीही परत येते. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे घड्याळ एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या) वेळेशी जुळवायचं असतं, लॉग १८० दिवस जपायचे असतात आणि सायबर घटना ६ तासांत कळवायची असते. ही तजवीज लेखी तयार ठेवा.

पहिल्या फेरीत त्रुटी निघतातच. त्या दुरुस्त केल्या की फेरतपासणी होते, मग दाखला मिळतो. तो तपासलेल्या आवृत्तीपुरताच असतो. नंतर नवी मेथड घातलीत तर तपासणी पुन्हा आली. मार्चअखेरीस भरणा करणाऱ्यांची झुंबड उडते, त्यामुळे दिवाळी सरली की लगेच पत्र द्या.